आतल्या खोलीची फरशी कोण पुसत होतं?

आधीच सांगते, यातला एक शब्दही मी वाढवलेला नाही. वाढवायचंच असतं, तर मी स्वतःला जरा बरं तरी दाखवलं असतं.

गेल्या महिन्यातला रविवार. भर दुपार. मावशीचं भाड्याचं घर.

संध्याकाळी घरमालकीण घर बघायला येणार होती. फरश्या नीट ठेवल्या असतील तरच पुढे राहायचं, नाहीतर घर रिकामं करायचं, असं तिनं फोनवर सरळ सांगितलं होतं. मावशी एकटी राहते. तिच्या कामाच्या जागेजवळ दुसरं घर मिळत नव्हतं. तिचा जीव नुसता टांगणीला लागलेला.

आणि मी? मी नुकतंच अख्ख्या शाळेसमोर न अडखळता भाषण ठोकलं होतं. त्यामुळे आता आपल्याला जगातलं काहीही जमतं, अशी माझी पक्की खात्री!

"मावशी, तू स्वयंपाकघर बघ. बाकीचं माझ्यावर सोड."

"सोडते, पण नीट ऐक. हॉलमध्ये लाकडी फरशी आहे, फडकं घट्ट पिळून घे. लाकडाला पाणी नुसतं दाखवायचं, पाजायचं नाही. आणि आतल्या संगमरवराला साधं पाणी. लिंबू नाही, ऍसिड नाही. तो तुझ्या आईसारखा आहे, जरा काही लागलं की चेहरा उतरतो."

"कळलं गं! कुक्कुलं बाळ आहे का मी?"

हॉल झकास झाला.

मग आतली खोली. खिडकीखाली चहाचा पिवळा डाग होता. घासघास घासला. ढिम्म हलेना.

मावशी स्वयंपाकघरात टाइल्सच्या फटी जुन्या टूथब्रशनं घासत होती. मी गुपचूप बाथरूम साफ करायची बाटली आणली. म्हटलं, थोडंसंच.

फस्स्स...

भराभरा पाणी ओतून पुसलं. पिवळा डाग गेला होता.

त्याच्या जागी ताटाएवढा पांढरा चट्टा. खरखरीत. चमक पार मेलेली.

मग डोकं चालवलं... ओली फरशी सगळीकडे सारखीच चमकते ना? मी सगळी खोली ओली केली आणि दारात येऊन उभी राहिले.

तेवढ्यात...

फडकं पिळल्याचा आवाज आला. मग ते फरशीवरून ओढल्याचा. सर्र... सर्र...

बादली माझ्या पायाशी होती.

फडकं माझ्या हातात.

खोलीत कोणीच नव्हतं.

मग त्या चट्ट्याजवळ, ओल्या फरशीवर दोन कोरडे गोल उमटले. शेजारी शेजारी. कोणी गुडघे टेकल्यासारखे.

मग आणखी दोन... थोडे अलीकडे.

गुडघ्यांवर बसून पुसणारं माणूस मागे मागे सरकत येतं, दाराकडे. म्हणजे ती जी कोणी होती, तिची पाठ माझ्याकडे होती.

आणि दारात मी होते.

सर्र... सर्र...

पाय हलेनात. मावशीला हाक मारावी, तर तिला चट्टा दिसणार! हो, तेव्हाही मला त्याचीच पडली होती.

गोल माझ्या अंगठ्यापाशी येऊन थांबले.

दाराची बेल वाजली.

मालकीण लवकरच आली होती. मावशीनं दार उघडलं, पण मालकीण थेट आतल्या खोलीकडे निघाली. मावशी तिच्या मागे, पॅसेजमध्ये. मला बाजूला सारून मालकीण आत डोकावली. तिची नजर खिडकीखाली गेली.

"हे कोणी केलं?"

मी केलं. दोनच शब्द. अख्ख्या शाळेसमोर बोलणारी मी, आणि तोंडातून हूं की चूं निघेना.

"माझ्याकडून झालं, बाई..."

आवाज माझ्या पायांजवळून आला. बायकी. दबका. हे वाक्य रोज म्हणावं लागत असल्यासारखा.

मालकिणीचा चेहरा पांढराफटक पडला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. खाली, फरशीकडे बघत होती.

"ऊठ," ती कशीबशी म्हणाली. "पुरे झालं आता... ऊठ."

बाकीचं घर तिनं पाहिलंच नाही. "राहा तुम्ही इथंच," एवढं मावशीला म्हणाली आणि भिंत धरत धरत निघून गेली. पुन्हा फिरकली नाही.

मावशीला वाटतं, ते मीच बोलले. भीतीनं माझा आवाज बसला होता, असं तिचं म्हणणं. आता ती सगळ्या नातेवाइकांना कौतुकानं सांगते, "पोरीनं लगेच कबूल केलं हो! माझं घर वाचवलं तिनं!" मामानं तर पाठ थोपटली. आई चारचौघांत डोळे पुसते. आणि मी? मी हसते. ऐकताना कान गरम होतात, नजर वर होत नाही. मावशी राहायला बोलावते, तर मी परीक्षा पुढे करते.

मावशी ती गोष्ट नेहमी तशीच संपवते. "मग मालकीण पोरीला म्हणाली, ऊठ, पुरे झालं आता."

सगळे माना डोलावतात.

अजून एकालाही विचारावंसं वाटलेलं नाही...

मी तर उभीच होते.