न साठवलेलं काम

त्या दिवशी पंजाबराव जेवण आटोपून दुकानाकडे निघाले ते एक साधंसं काम उरकायला. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टिम टाकायची होती. त्यासाठी मेहकरहून कॉम्प्युटरवाला देवानंद यायचा होता. चैत्रातली दुपार. डोणगावचा सगळा बाजार शटर अर्धं ओढून सुस्त पडलेला, कुत्रीसुद्धा नालीच्या ओलीला जाऊन निजलेली. अशा वेळी गिऱ्हाईक येत नाही, म्हणून हीच वेळ ठरवली होती.

तसा हा माणूस नव्याला भिणारा नव्हे, हे आधी सांगून ठेवतो. गावात प्रेशर कुकर आला तेव्हा बाया त्याला हात लावायला धजत नव्हत्या. शिटी झाली की फुटतोच, अशी सगळ्यांची खात्री. पंजाबरावांनी काय केलं, भर बाजाराच्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर शेगडी मांडून तुरीचं वरण लावलं. पहिल्या शिटीला ओटा रिकामा झाला. पुढच्या शिट्यांना एकेक जण परत आला, आणि शेवटी वरण चाखून, वर मीठ कमी आहे म्हणून सांगून गेला. कुकर मात्र संध्याकाळपर्यंत एकही उरला नाही. पितळ गेलं स्टील आलं, लोखंडी तराजू गेला वीजकाटा आला. प्रत्येक वेळी पेठेत पहिलं दुकान पंजाबरावांचंच. आणि तोच माणूस एका सिस्टिमसाठी सबंध वर्षभर देवानंदला ‘आज नाही, पुढच्या हप्त्यात’ करत होता.

कारण छाया. त्यांची बायको.

भांड्याच्या दुकानात विकण्याइतकंच मोठं काम असतं ते नाव टाकायचं. लग्नात, बारशात भांडं द्यायचं तर त्यावर घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं नाव हवंच. बिननावाचं भांडं दिलं की पाहुण्यांत कुजबुज सुरू. पंजाबरावांकडे त्यासाठी कॉम्प्युटरला जोडलेलं सुईचं मशीन होतं, आणि ते छायाच्या हातचं. सातवी शिकलेली बाई, पण चुकत-माकत सगळं आपलं आपण शिकली. कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर दोन चौकोन यायचे, एक ‘दुकान’ आणि एक ‘छाया’. छायाच्या चौकोनात पिवळं फूल. ती दाढेत लवंग धरून बसायची, मजकूर उमटवायची, आणि सुई स्टीलवर टकटकटक ठिपके पाडत जायची. मशीनची एक तऱ्हा होती. आधी सगळी अक्षरं उघडीबोडकी टाकायचं आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी, एका दमात ओढायचं. म्हणून छायानं दुकानात नियमच करून टाकला होता, “रेघ येईस्तोवर भांड्याले हात लावाचा नाही.”

त्याच्या आदल्या वर्षी लेकीच्या, वैष्णवीच्या, लग्नाची बोलणी चालू झाली तेव्हा छायानं आंदणाची भांडी काढली आणि स्वतः नावं टाकायला बसली. परात झाली, गंज-पातेली झाली, ताटं-वाट्या झाल्या. शेवटी उरला पाण्याचा मोठा गुंड, हंड्याएवढा. तो तिनं मशीनच्या पकडीत आवळला, मजकूर टाकला. पंजाबराव घरी चला म्हणाले, तर म्हणाली, “एवढं झालं का उठते.”

उठली नाही. खुर्चीतच कलंडली. पंजाबरावांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, शटर ओढलं आणि तिला गाडीत घालून अकोल्याला नेलं. तिथून ती परत आली ती बोलायची नव्हतीच.

तेरवीनंतर दुकान उघडलं. गुंड तसाच पकडीत, कोरा. पंजाबरावांनी त्यावर फडकं टाकलं आणि ‘दुकान’च्या चौकोनातून आपली बिलं करत बसले. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करायला गेले तर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. फोनवर फोटो पाठवून त्यांनी देवानंदला विचारलं.

“काका, ते म्हणते, दुसरं कोणीतरी अजून या कॉम्प्युटरवर काम करून राह्यलं. बंद केला तर त्याइचं न साठवलेलं काम जाईन. बंद करू का, हो का नाही?”

“दुसरं कोन?”

“कोनी नाही हो. काकूचं खातं उघडं राह्यलं असंन मांगं. ‘हो’ दाबा.”

पंजाबरावांनी ‘नाही’ दाबलं. कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून ते घरी गेले. रात्री लाईन गेली, इन्व्हर्टर बसला, कॉम्प्युटर आपसूक बंद पडला. म्हणजे कोणाचं खातं उघडं असेल तर ते तिथंच मिटायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो नव्यानं चालू केला, दिवसभर स्वतःच वापरला. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसरं कोणीतरी अजून काम करत आहे.

रोज तेच. आणि खरं सांगायचं तर हळूहळू त्या ओळीसाठीच पंजाबरावांची संध्याकाळ व्हायची. ओळ आली की ते क्षणभर खुर्चीत बसून राहायचे, मग म्हणायचे, “बरं, कर तुयं. मी जातो पुढं,” आणि ‘नाही’ दाबून शटर ओढायचे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. देवानंदलाही नाही.

पण धंदा ओळींवर चालत नाही. जुन्या सिस्टिमचा हात कंपनीनं कधीचाच सोडला होता. बिलाची साईट उघडेना, बँकेचं पान उघडेना. शेजारच्या कापडवाल्याचा असलाच जुना कॉम्प्युटर एका व्हायरसनं पार चाटून पुसून खाल्ला. देवानंद म्हणायचा, “काका, मयतावर किती दिवस मलम लावता?” आणि मग स्वतःच जीभ चावायचा.

शेवटी ठरवलं ते वैष्णवीमुळं. लग्न तोंडावर आलेलं, लोणारचं घर, मुलगा गोपाल. एका सकाळी चहा देता देता ती म्हणाली, “बाबा, मी गेल्यावर तुमाले टायपिंग करून कोन देईन? नव्या सिस्टिममध्ये नुसतं बोललं का मराठी उमटते. तुमचं तुमाले करता येईन. मी तिकडं निवांत तरी राहीन.”

“आणि आईचं सारं?”

“फाईली येतील. देवादादा काढून देतो म्हणे. खातं तेवढं नाही येत.” मग हळूच म्हणाली, “खात्यात आई थोडीच हाये, बाबा.”

चहाची बशी बराच वेळ पंजाबरावांच्या हातातच राहिली.

तर त्या दुपारी देवानंद आला. हेल्मेटमधून घाम निथळत होता. आल्या आल्या त्यानं छायाच्या फाईली काढून घेतल्या, मशीनची वायर कॉम्प्युटरमागून उपसून गुंडाळून टेबलावर ठेवली.

“हे मशीन आता भंगारात काका. नव्या सिस्टिमले हे चालत नाही. उजेडाचं मशीन येते आता, सुई ना बिई, आवाजबी नाही.”

“आवाजबी नाही?”

“अजिबात नाही.” तो उठला. “तुमी कॉम्प्युटर बंद करून ठेवा. मी समोरून थंड पाण्याची बाटली घेऊन येतो, मंग टाकू.”

देवानंद शटरखालून वाकून बाहेर गेला. दुकानात एकदम शांत झालं. भांड्यांच्या दुकानातली शांतता वेगळीच असते. रचलेली पातेली स्वतःशीच बारीक हुंकारत असतात, उन्हानं पत्रा ताणला की एखादं ताट आपोआप झणकतं. अर्ध्या शटरमधून आलेली उन्हाची पट्टी फरशीवर पडली होती, आणि बाकी सगळा काळोख शेकडो भांड्यांत वाकडातिकडा दिसत होता.

पंजाबरावांनी बंद करायचं बटण दाबलं. ओळ आली.

या वेळी ते पुष्कळ वेळ बसले. “छाया,” ते म्हणाले, “पोरगी म्हणते ते खरं हाये. तिले निवांत जाऊ दे… तुयं काय राह्यलं ते सांग. मी करून देतो.”

लवंगेचा वास आला. आधी वाटलं, भास. मग वास दाट झाला, जवळ आला, कोणी शेजारी तोंड आणून काही सांगणार असावं इतका. आणि त्या वासाखालून दुसरा वास, तापलेल्या स्टीलचा.

टक… टकटक… टकटकटक…

फडक्याखाली सुई हलत होती. पंजाबरावांनी फडकं ओढलं. कोऱ्या गुंडावर एकेक ठिपका उमटत होता, ठिपक्याला ठिपका लागत होता. चि. मग वै. अक्षरं उघडी, रेघेवाचून, छायाच्या नेहमीच्या मापाची. ‘ष्ण’ला सुई जराशी अडखळली, तीही नेहमीसारखीच. पंजाबरावांचे डोळे भरून आले. हात आपोआप गुंडाच्या बुडाला गेला, तिचा नियम विसरून. गुंड ऊबदार होता.

“काका!” शटरखालून देवानंद आत आला होता आणि अर्धा वाकलेलाच थिजला होता. “मशीन कसं… काका, वायर तं टेबलावर हाये…”

पंजाबरावांनी टेबलाकडे पाहिलं. वायर गुंडाळलेली, तशीच.

“बंद करा काका! बंद करा लवकर!”

त्या ओरडण्यानं असेल, त्या वायरीनं असेल, पंजाबरावांच्या अंगात थंडगार काहीतरी सरसरत गेलं. जिच्याबरोबर सगळा संसार केला, जिच्या हातचं खाल्लं, जिला स्वतःच्या हातानं अग्नी दिला, तिची त्यांना भीती वाटली. नुसती एक निमिषभर. पण तेवढ्यात बोट पुढं गेलं आणि ‘हो’ दाबलं गेलं.

पडदा काळा झाला. सुई जागच्या जागी थांबली. वास असा गेला, कोणी उठून गेल्यावर खुर्ची गार पडावी तसा.

गुंडावर होतं, ‘चि. वैष्ण’.

नवी सिस्टिम संध्याकाळपर्यंत बसली. चांगलीच होती, खोटं कशाला बोलायचं. पंजाबराव बोलायचे आणि पडद्यावर मराठी उमटायची. एकच चौकोन, ‘दुकान’. बंद करताना ती काही विचारत नसे. गुपचूप बंद व्हायची. पंजाबराव तरी बटण दाबून रोज थोडं थांबायचे. मग काळ्या पडद्यात आपलंच तोंड पाहून उठायचे.

सुईचं मशीन भंगारवाला घेऊन गेला. देवानंदनं पुन्हा त्या दुपारचं नाव काढलं नाही, फक्त एकदा म्हणाला, “काका, गुंडावरचं नाव नव्या मशीननं पुरं करून देऊ का?” पंजाबराव म्हणाले, “नको. तिनं तिचं टाकलं, तेवढंच.”

वैष्णवी तो गुंड तसाच लोणारला घेऊन गेली. सासरच्यांनी विचारलं, नाव अर्धंच काऊन? ती म्हणाली, “आईचं काम राह्यलं.”

दिवाळीत तिचा फोन आला. “बाबा, गुंडावर माझं नाव पुरं केलं का तुमी? ‘वैष्णवीस’ हाये आता. मले वाटे अर्धंच व्हतं.”

“तुले अर्धं वाटलं असंन,” पंजाबराव म्हणाले. फोन ठेवला आणि दुकानाच्या ओट्यावर येऊन बसले. गिऱ्हाईक दोनदा हाक मारून निघून गेलं.

संक्रांतीला ते लोणारला गेले तेव्हा गुंड त्यांनी स्वतः पाहिला. ‘चि. वैष्णवीस आई’. जुन्या सुईचे ठिपके, अक्षरं रेघेवाचून. त्यांना मजकूर ठाऊक होता. छायानं प्रत्येक भांड्यावर तोच टाकला होता. ‘चि. वैष्णवीस आई व बाबा यांजकडून.’ कोणी म्हणालं होतं, नुसतं ‘आईकडून’ टाका, जागा वाचेल. तर छाया हसली होती. “नाही वं बाई. दोघाइचं नाव एका रेघेखालीच पाह्यजे.”

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. त्या सणाला गेलेल्यांच्या नावानं पाणी भरून ठेवतात. वैष्णवीनं आईसाठी तोच गुंड काढला होता. पंजाबराव सकाळच्या एसटीनं लोणारला पोचले तेव्हा ती ओसरीत गुंडासमोर उकिडवी बसली होती, हातात घासायची राख तशीच.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “इकडं या.”

त्यांनी गुडघा टेकला आणि अंगठा अक्षरांवरून फिरवला. ‘आई’च्या पुढं एक नवं अक्षर होतं. ‘व’. त्याच्या कडेला स्टीलचा बारीक कीस अजून चमकत होता, बोटाला लागला तर ऊन लागला.

“आता पुढं काय येईन, बाबा?” वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिलाही पाठ होता तो मजकूर.

पंजाबरावांनी तिच्या हातातली राख काढून घेतली. “पाणी भर,” ते म्हणाले. “पण इथं घासू नको. रेघ येईस्तोवर हात लावाचा नाही… तुई आई काय म्हने?”

वैष्णवीनं गुंड पाण्यानं भरला आणि तोंडाला पदर लावून आत गेली. ते मात्र तिथंच बसून राहिले. ‘व’च्या पुढं गुंड कोरा होता, मोजून मोकळी ठेवावी तशी जागा. पाण्यानं भरलेल्या त्या गुंडाला त्यांनी कान लावला. आत, खूप खोल, काहीतरी अगदी सावकाश टकटकत होतं. आणि ओसरीभर लवंगेचा वास होता.