घरच्या माणसाचे तास

“या फीमध्ये तर अख्ख्या गल्लीला कवळ्या बसवून होतील,” ती पुटपुटली.

परक्या मुलखात ही एक सोय असते. आपल्या भाषेत वाट्टेल ते बोलावं, समोरचा गोड हसून मान डोलावतो. शाळा दाखवणाऱ्या बाईंनीही मान डोलावली आणि पोहण्याच्या तलावाकडे हात केला.

पण मागून कुणीतरी खुदकन हसलं.

तिने वळून पाहिलं. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती, त्यामुळे माणसाचे डोळे तिला उशिरा दिसायचे. आधी दिसायचे दात. हे दात बरे होते. डावा सुळा जरा तिरका, शेजाऱ्याच्या खांद्यावर रेललेला. आणि वर डोळे... तेही बरे होते.

“माफ करा,” तो मराठीत म्हणाला. “पण तलावाकडे फार बघू नका. बघण्याचेही पैसे लावतील.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी इथली लिफ्ट दुरुस्त करतो. आज लेकीसाठी शाळा बघायला आलोय, तर दारावरच्या माणसाने सवयीने मागच्या जिन्याने पाठवलं.”

ती हसली, आणि हसताना तोंडावर हात धरायला विसरली. हे तिच्या नंतर लक्षात आलं.

ती दोन वर्षांच्या करारावर आली होती, आठ वर्षांच्या लेकीला घेऊन. लेकीचा बाप ती पाळण्यात असतानाच गेला. इथल्या सरकारी शाळेत फी नव्हती, पण शिकवणं सगळं इथल्या भाषेत. दोन वर्षांनी परतल्यावर पोर ना इकडची ना तिकडची. आंतरराष्ट्रीय शाळा हवी होती, आणि परवडणारी. हे दोन शब्द एका वाक्यात बसायला तयार नव्हते. थोरली बहीण फोनवर म्हणायची, “सत्र सुरू होईपर्यंत जमलं नाही तर धाड तिला माझ्याकडे. मावशी काय परकी आहे?” बहिणीचं म्हणणं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. लेक झोपेत एक पाय आईच्या अंगावर टाकून झोपायची. त्या पायाचा हिशोब कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता.

लिफ्टवाल्याचीही तीच रड. मग शनिवारी दोघं मिळून शाळा पाहायला लागले. पुढे दोन्ही लेकी एकमेकींच्या कानात कुजबुजत, मागे ही दोघं भाव करत.

“इमारत निधी म्हणजे काय हो?”

“इमारत त्यांची, निधी आपला.”

“आणि ही अनामत?”

“ती परत मिळते. पोरगी पदवीधर झाली की.”

एका शाळेत गणवेशाची टोपी वेगळी विकत होते. त्याने ती स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिली, दुकानातल्या आरशात स्वतःला नमस्कार केला आणि ठेवून दिली. बायकोबद्दल तो एकदाच बोलला, तोही जिना उतरताना, म्हणजे तोंड दिसू नये. ती दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात होती. “भांडलो नाही आम्ही,” तो म्हणाला. “भांडायला हवं होतं कदाचित...” ती पुढच्या पायरीवर जरा थांबली, तो बरोबरीला येईपर्यंत.

शेवटी शाळा सापडली ती गालिच्यांच्या जुन्या गोदामात. तलाव नाही, टोपी नाही. मुलं अकरा देशांची, शिक्षक जीव लावणारे, फी इतरांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. कारण आचारी सोडला तर नोकरमाणूस नव्हता. वाढणं, भांडी, रंगरंगोटी सगळं पालकांनी करायचं. प्रत्येक घराने आठवड्याला चार तास. तास भरले नाहीत तर पूर्ण फी. आणि तास घरच्याच माणसाने भरायचे, पैसे देऊन माणूस पाठवायचा नाही, एवढी एकच अट.

बुधवारी दुपारी दोघांची पाळी एकत्र लागायची. ती वाढायची, तो भांडी घासायचा. वाफेत तिच्या कपाळावर बटा चिकटायच्या. तो बघायचा आणि मग त्याच ताटलीला तिसऱ्यांदा साबण लावायचा.

“दातवाल्या बाई, माझा सुळा सरळ होईल का?”

“होईल. पण करू नका.”

“का?”

“असू दे... ओळखायला बरा पडतो.”

त्या दिवशी एक ताटली फुटली. कुणाच्या हातून, हे दोघांनीही सांगितलं नाही.

मग लॅबमधली सहकारी बाळंतपणाला गेली आणि तिची पाळीही हिच्यावर आली. दुपारी जमेना, शनिवारी जमेना. महिनाभर तिचा एकही तास भरला गेला नाही. रोज घरी आल्यावर ती आधी लेकीचा चेहरा बघायची — शाळेतून काही निरोप? निरोप नव्हता. तीच जास्त धास्ती. अखेर अर्धी रजा टाकून, पूर्ण फीबद्दल बोलायची वाक्यं मनात घोकत ती कार्यालयात गेली.

“तुमचे तास? भरलेत की सगळे,” तिथल्या बाई म्हणाल्या. “तुमचा भाऊ भरतो ना. फार गुणी माणूस. स्वतःचे चार करतो, मग तुमचे चार.”

तिला भाऊ नव्हता. देवाने एक बहीण दिली होती, तीच दोघांच्या वाटणीचं बोलायची.

स्वयंपाकघरात तो कोपरापर्यंत साबणात होता.

“मामा,” तिने दारातून हाक मारली.

तो इतका दचकला की पळी पाण्यात बुडाली.

“घरचंच माणूस लागतं म्हणाले...” तो पळी शोधत राहिला. “नातं विचारलं. तोंडातून निघून गेलं, मुलीचा मामा आहे म्हणून.”

“जगात इतकी नाती. मामाच सापडला?”

“दुसरं एक जिभेवर होतं. पण तुम्हाला न विचारता ते कसं सांगायचं?”

नळ वाहत होता. तो तिनेच बंद केला.

“भाऊ होऊन बसलात, आणि मलाच मामा बनवलंत,” ती हळूच म्हणाली. “खोट्या तासांवर लेक शिकवायची नाही मला. चला.”

“पूर्ण फी लावतील. तुमच्या ताई तिकीट काढतील...”

“माहीत आहे.”

मुख्याध्यापिकांसमोर तिने सगळं सांगितलं, अगदी स्वतःला भाऊ नाही इथपर्यंत. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून दोघांकडे पाहिलं, त्याच्याकडे जरा जास्त.

“भांडी घासली गेली आहेत, ती काही परत मळवता येणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या नावावरचे तास मला खोडावे लागतील. सत्र संपायच्या आत भरून काढा. जमलं नाही तर पूर्ण फी.”

सत्र संपायला फार दिवस नव्हते. रविवार तेवढे तिच्या हातात होते. पहिल्याच रविवारी ती कुंपण रंगवायला गेली. ते लांबच लांब होतं. एकटीने रंगवायचं म्हणजे लेकीचा पुढचा वर्ग उजाडला असता. दुपारी झिमझिम आली, रंग ओघळला, केलेला भाग पुन्हा करावा लागला. तिने ब्रश खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, नाही जमणार.

मागून कुणीतरी एक मोठी छत्री कुंपणावर धरली. आतल्या बाजूने दोन्ही लेकींनी दुसरी धरली.

“मी मोजायला नाही आलो,” तो घाईघाईने म्हणाला. “फुकटात रंगवतो. नात्याशिवाय.”

त्याच्या गालावर छत्रीतून थेंब गळत होते, आणि तिरका सुळा ओठाखालून दिसत होता.

तेवढ्यात कार्यालयातल्या बाई हजेरी घ्यायला आल्या. एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहून थबकल्या. “यांचे आजचे तास... कुणाकडे धरायचे?”

“काही नको, मी आपला...” तो म्हणू लागला.

“माझ्याकडे धरा,” ती म्हणाली. “घरचेच आहेत.”

“म्हणजे भाऊ...”

“नाही. भाऊ नाही.”

बाई हसल्या आणि निघून गेल्या. तो छत्री धरून तसाच उभा, आणि छत्री आता कुंपणावर नव्हती, तिच्यावर होती.

“रंग ओघळतोय, अहो,” ती म्हणाली.

त्याने ऐकलं. पण छत्री हलवली नाही.