आक्का म्हणजे थोरली बहीण

"पावणं, कागद उलटा धरलाय की!"

तो दचकला. कोल्हापूरच्या कोर्टातल्या जुन्या दप्तरांच्या खोलीत उन्हाच्या पट्ट्यात धूळ नाचत होती, अन् समोर ओढणीनं नाक झाकून एक पोरगी हसत होती.

"मोडी हाय. सुलटा धरून तरी कुठं कळतंय?"

राजारामपुरीच्या शिवांजलीला मोडी येत होती. वडिलांना दुकानात घराण्याची वंशावळ लावायची होती, म्हणून ती जुनी मृत्युपत्रं धुंडाळत होती. तो नेसरीचा, कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. ओढ्याकाठचं रान घरात आलं कुठनं, हे त्याला शोधायचं होतं.

"नाव काय तुमचं?"

"मृत्युंजय."

"अन् हातात मृत्युपत्र! शोभतंय."

हसत हसत तिनं वाचायला घेतलं... आणि थबकली. लिहून देणारा ईरप्पा – तिचाच पणजोबा! 'ओढ्याकाठचे रान आक्काचे मुलास द्यावे.'

"आक्का माझी पणजी," तो म्हणाला.

"अन् पणजोबा?"

"त्यांचं नाव घरात कुणी घेत न्हाय."

"मग... आक्का म्हणजे थोरली बहीण. ईरप्पांची." बोलताना तिची मान खाली गेली. त्यांच्यात आत्याचं घर सोयरिकीला हक्काचं. एका बापाची भावकी मात्र भावाबहिणीची.

नकलेचा अर्ज घेताना दप्तर सांभाळणाऱ्या केरबातात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मयताशी नातं कळलं. तुमचं एकमेकांशी काय?"

"अजून ठरायचंय, तात्या," मृत्युंजय म्हणाला. शिवांजलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग नकलेच्या निमित्तानं खेपा सुरू झाल्या. बाहेर उसाचा रस – तिच्यात आलं जादा, त्याच्यात लिंबू. ग्लास ओठाला लावत ती गुणगुणायची –

आत्याच्या दारी गं, शेवगा फुलला,
माझ्या बाई बापाला, सोयरा मिळाला.

"कोण गं सोयरा?"

"हाय एक. कागद उलटा धरणारा!"

घरी सांगायचं ठरलं. वडील पुरावा मागणार, म्हणून मृत्युपत्र कोर्टात शाबीत झालं तेव्हाच्या जबान्या तिनंच मागवल्या. तिनंच.

तिच्या आजोबांची जबानी निघाली. ती मोठ्यानं वाचू लागली, अन् मध्येच गप्प झाली.

"पुढं वाच की."

"अक्षर लागत नाही."

"शिवा... खोटं बोलायला येत न्हाय तुला. वाच."

तिनं वाचलं. "'आक्का हे तिचे नावच. ती माझे बापाची पाटाची बायको. तिचे पोर आम्ही भावकीत घेणार नाही.'"

कुठंतरी पंखा करकरत होता. एकच ईरप्पा, दोघांचाही पणजोबा. आजोबांनी दाराबाहेर लोटलेली भावकी आज तिच्याच दारात येऊन आडवी पडली होती.

"किती पिढ्या झाल्या..." तो म्हणाला. "दोन्ही घरांत कुणाला ठावं न्हाय. बांधून ठेव ते दप्तर. मोडी येतीय कुणाला?"

"मला येते ना," ती म्हणाली.

तिनं दप्तराला गाठ मारली. सैल वाटली, म्हणून पुन्हा मारली. तो त्या गाठीकडं बघत मागं सरला अन् जिना उतरून गेला. खिडकीतून तिला दिसलं – रसवाल्यानं सवयीनं दोन ग्लास भरले. त्यानं मान हलवली, अन् एकही न घेता तो चालू लागला.

केरबातात्यांनी अर्ज पुढं सरकवला. "काय पोरी, तुमच्या दोघांच्या नात्याची जागा मोकळीच हाय. ठरलं का न्हाय अजून?"

तिनं ओढणी नाकाला लावली. धुळीचं निमित्त होतंच.

"ठरलं, तात्या... आमच्या जन्माआधीच ठरलं होतं."