नावाआधीची कोरी जागा

खोटं वाटत असेल तर औरंगपुऱ्यात या. तो कॉम्प्युटर अजून तिथंच आहे. मी मात्र सोबत येणार नाही.

मार्चमधला मंगळवार. दुपारचे तीन. भर उजेड.

आमचं दुकान लग्नपत्रिका आणि दशक्रियेच्या कार्डांचं. अकरा वर्षं सुदर्शन टाइप करायचा, मी चुका काढायचो. चहा विचारला की नको म्हणायचा, आणि मग माझ्याच कपातला अर्धा प्यायचा.

जानेवारीत तो गेला.

जाण्याआधी म्हणाला होता, "शिवराज, दुकानाच्या नव्या करारात तुझं नाव टाकलंय. बेफिकीर राहा."

करार त्याच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर होता. उघडला... पान कोरं.

त्याची बायको, रूपावहिनी, माझ्यापुढं चहा ठेवून शेजारी उभ्या होत्या.

"नाव नाय ना, भाऊजी? मला वाटलंच."

"कोरं नाही, वहिनी. यानं डार्क थीम लावलीय. त्यात अक्षरं पांढरी झाली, पान पांढरंच राहिलं. दिसणार कसं?"

सेटिंगमध्ये जाऊन साधी थीम लावली. फाइल पुन्हा उघडली.

अक्षरं काळी झाली. माझं नाव होतं.

गड्यानं शब्द पाळला होता.

मग नावाच्या आधी बघितलं...

श्री. सुदर्शन.

कै. शिवराज.

अदलाबदल झाली असेल, म्हटलं. पण फाइल सेव्ह झाली होती त्याच मंगळवारी, दुपारी दोन बावन्नला.

शटर मी तीनला उघडलं होतं. चावी एकच, माझ्या खिशात.

मी 'कै.' पुसलं. हात मांडीवर ठेवले.

कळ दाबल्याचा आवाज आला... दोनदा.

माझं नाव जरासं पुढं सरकलं. आधी नुसती कोरी जागा. माउस ओढून ती जागा निवडली...

पांढऱ्या अक्षरात 'कै.'

"वहिनी, हे बघा."

त्यांनी स्क्रीनकडं बघितलंही नाही.

"राहू द्या ना, भाऊजी. त्यांनी लई विचार करून टाकलंय."

"कुणी?"

त्या माझ्या कपाकडं बघत होत्या.

कप अर्धा झाला होता. मी अजून घोटही घेतला नव्हता.

अर्ध्या चहावर त्याचं भागलं नव्हतं तर.

सही न करताच मी निघालो. दुकान वहिनींकडं राहिलं.

परवा घरच्या कॉम्प्युटरवर भाचीची पत्रिका केली. निमंत्रकांत माझं नाव टाकलं.

नावाआधी थोडी जागा सुटली आहे...

अकरा वर्षं लोकांच्या चुका काढल्या. इथं माउस ओढायला हात धजत नाही.