तूच ना गं?

वॉर्डात नवी मुलगी रुजू झाली की सिस्टर पहिल्याच दिवशी तिला एक गोष्ट बजावायच्या. गोळी देण्याआधी पेशंटला "तुम्ही अमक्याच ना?" असं कधीही विचारायचं नाही. गुंगीतला, बहिरा, घाबरलेला, कुणीही "हो" म्हणून मोकळा होतो. नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, जन्मतारीख विचारायची, मनगटावरची पट्टी बघायची आणि मगच औषध. बावीस वर्षं त्या हेच कानीकपाळी ओरडत होत्या.

घरी मात्र त्यांचं चालत नसे. आईची नजर जवळजवळ गेलेली. दिवसभर ती एकटी असायची आणि दार वाजलं की आतूनच विचारायची, "तूच ना गं?"

"आई, कोण आहे असं विचार. नाव ऐकल्याशिवाय कडी काढू नकोस. उद्या चोरसुद्धा हो म्हणेल!"

"चोर तुझा आवाज कुठून आणणार?" म्हणत आई हसायची.

त्या दिवशी दुपारी चारला औषधं वाटताना आईचा फोन आला. हातात ट्रे, मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला फोन, आणि पाच नंबरच्या खाटेचा पडदा ओढलेला. बोलण्याच्या नादात सिस्टरांच्या तोंडून निघून गेलं, "पाच नंबरच्या काकू ना तुम्ही?"

"हो." बारीक, थकलेला आवाज.

त्यांनी पडदा सारला. खाट रिकामी होती. चादर ताणलेली, उशीला सुरकुतीही नाही. काकूंना तासाभरापूर्वीच एक्स-रेला नेलं होतं, हे त्यांना आत्ता आठवलं. फिनाइलच्या वासात दुसराच एक वास होता, बरेच दिवस न उघडलेल्या कपाटाचा.

"नाव... नाव सांगा," त्या सवयीने म्हणाल्या.

काहीच उत्तर नाही.

फोनवर आई वैतागली होती. "गप्प का झालीस? अगं, तूच ना?"

"हो," खाटेवरून आवाज आला. या वेळी तो सिस्टरांचा होता.

त्यांनी घाईघाईने फोन बंद केला. काकू परत आल्यावर नाव विचारलं, पट्टी बघितली, गोळी दिली. घडलेलं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? आईला मात्र तीनदा फोन लावला. तिने उचलला नाही.

ड्युटी संपताच त्या जवळजवळ धावतच घरी पोचल्या. अजून चांगलं ऊन होतं. त्यांनी दार वाजवलं.

"कोण आहे?"

इतक्या वर्षांत आईने पहिल्यांदाच नीट विचारलं होतं. सिस्टरांचा जीव भांड्यात पडला.

"मी, आई."

"नाव सांगा."

त्यांनी नाव सांगितलं. जन्मतारीखही सांगितली. कडी काही निघाली नाही. दाराच्या पलीकडे आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"कोण आहात तुम्ही?" आई दबक्या आवाजात म्हणाली. "माझी मुलगी मघाशीच आलीय... इथे बसलीय."

"आई, ती मी नाही! तिला नाव विचार... नुसतं नाव विचार!"

मग आईची पावलं दारापासून दूर गेली आणि तिचा आवाज आला, घाबरलेला, पण नेहमीसारखाच मायेचा.

"तूच ना गं?"

"हो."