पाइपावरचे तीन ठोके

ही गोष्ट रचलेली नाही. आमच्या दाजींसोबत, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासोबत घडलेली आहे, आणि दाजी तिखटमीठ लावून बोलणाऱ्यांतले नव्हेत. अठरा वर्षं त्यांनी गॅसच्या पाइपलाइनी तपासल्या. आकडा दिसल्याशिवाय मान न हलवणारा माणूस.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन.

गल्लीच्या टोकाचं, तळमजल्यावरचं घर. घरात एक बाई आणि तिची दोन वर्षांची मुलगी. तक्रार वासाची नव्हतीच.

"ओट्याखालचा पाइप वाजतो हो, दादा," बाई म्हणाली. "हे म्हणतात, उंदीर असेल. यांना सगळीकडे उंदीरच दिसतात!"

दाजी हसले. डिटेक्टर प्रत्येक जोडावरून फिरवला. शून्य. ब्रशने साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही.

"बिनघोर स्वयंपाक करा, ताई."

ते उठणार, इतक्यात...

टक् टक्... टक्.

दाजींच्या हातातला ब्रश गळून पडला.

लाइनवर काम करणाऱ्यांची एक रीत आहे. खड्ड्यात उतरलेल्याला गॅस लागला, तर तो ओरडत नाही. ओरडायला श्वास घ्यावा लागतो. तो पान्याने पाइपावर तीन ठोके देतो. अर्थ एकच... लाइन बंद करा.

दाजींना ही रीत त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी शिकवली. उस्तादांचा तिसरा ठोका नेहमी किंचित उशिरा पडायचा.

सहा वर्षांपूर्वी उस्ताद गॅस लागून खड्ड्यातच गेले. त्या दिवशी वर दाजी उभे होते. रस्त्यावरच्या गोंगाटात त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

आता मात्र स्वच्छ ऐकू येत होतं.

त्यांनी मायलेकींना बाहेर काढलं. धावत जाऊन गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला.

पाच मिनिटांत साहेबांचा फोन.

"रीडिंग किती?"

"शून्य, साहेब. पण..."

"वास?"

"नाही."

"मग ऐंशी घरांच्या शेगड्या कशापायी विझवल्यात?"

साहेबांनी लाइन लगेच सुरू करायला सांगितली.

दाजींनी स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह उघडला. बाई मुलीला घेऊन घरात गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसने त्यांच्याकडची व्हॉल्व्हची चावी काढून घेतली. टेबलावरच्या कामाला बसवलं. तरी रोज दुपारच्या सुट्टीत ते तिथे जायचे. गॅस मोजायचं उसनं मशीन घेऊन. शून्य.

ठोके मात्र रोज. बुधवारी तीन, पण दमलेले. शुक्रवारी दोनच.

"ताई, चार दिवस माहेरी जाऊन या."

"यांना काय सांगू? उंदराने हाकललं म्हणून?"

शनिवारी बाईने हसतच दार उघडलं. कडेवर मुलगी.

"दादा, थांबला बघा आवाज! सकाळपासून एकदाही नाही. तुमच्या हाताला यश आलं."

दाजींनी आत जाऊन मशीन फिरवलं. शून्य.

खड्ड्यातले ठोके कधी थांबतात, हे त्या बाईला कोण सांगणार?

हे कालचं. आज रविवार. सकाळपासून दाजी त्या घरासमोरच्या पायरीवर बसून आहेत. मघाशी मी फोन केला.

"शून्यच दाखवतंय रे..." एवढंच म्हणाले.

मागे ती लहानगी खिदळत होती.