फक्त अकरा मिनिटं

वरच्या मजल्यावरचं ड्रिल पुन्हा घरघरलं आणि माझं डोकंच फिरलं. तावातावाने जिना चढून गेले तर शिडीवर एक वायरमन... केसांवर, पापण्यांवर सिमेंटची धूळ.

"अकरा मिनिटं थांबाल? खाली लॅबमध्ये माझं जेल घट्ट होतंय."

कशाचं जेल, म्हणून त्याने विचारलं. दुधातली साखर फोडणारं एन्झाइम मी पॉलिमरच्या जाळीत, म्हणजे या जेलमध्ये, अडकवत होते. त्यावरून कितीही दूध सोडा, एन्झाइम वाहून जात नाही, तेच पुन्हा पुन्हा कामाला येतं. पण रोज जेलमध्ये बुडबुडे राहत होते, आणि दहा दिवसांत नितळ जेल दाखवलं नाही तर लॅबच्या प्रमुख मॅडम प्रयोगच गुंडाळणार होत्या. हादऱ्यांमुळेच हे होतंय, अशी माझी खात्री होती.

तो शिडीवरून उतरला आणि बघायला म्हणून खाली आला. टेबलाला हात न लावता आम्ही अकरा मिनिटं बसलो. त्याच्या वडिलांना दूध अजिबात पचत नाही, हे त्याने हळू आवाजात सांगितलं. मला बघायचं होतं जेलकडे, आणि मी बघत होते त्या पापण्यांकडे!

मग रोजचंच झालं. ड्रिल घरघरलं की मी वर, आणि पाठोपाठ तो खाली. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंही नाही. लॅबमधल्या ताई म्हणाल्या, "हल्ली जिने फार चढतेस गं." चोराच्या मनात चांदणं... मी लाल झाले.

दहाव्या दिवशी मॅडमनी जेल उजेडात धरलं. नितळ! प्रयोग वाचला. मी उड्या मारत वळले, तर दारात तो, खांद्याला अवजारांची पिशवी.

"निघतो. वरचं काम संपलं."

आता नाही तर कधीच नाही.

"थांब— हादऱ्यांनी जेलला काहीच होत नव्हतं. मिश्रणातली हवा काढायची राहत होती. तिसऱ्या दिवशीच कळलं मला. तरी बोलवत राहिले... तू आवडतोस म्हणून."

तो पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"काम पाचव्या दिवशीच संपलं होतं," तो म्हणाला. "नंतर नुसतंच हवेत ड्रिल चालवायचो. तू वर यावीस म्हणून."

ताई खोकल्या. मी हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही.

"उद्या ड्रिल आणू नकोस," मी म्हटलं. "नुसता ये."

"अकरा मिनिटंच?"

"ते आल्यावर बघू."